मागे बसणारा ड्रायव्हर

ग्रोनिंगेन, २६ सप्टेंबर १९९९

प्रिय मेरिके,

पोचले. खोली मिळाली आणि तिसऱ्याच दिवशी सायकल घेतली. इथे पायी चालणाऱ्याकडे लोक काळजीने बघतात, याला काही झालंय का म्हणून. माझी सायकल काळी, गंजकी, आईच्या सायकलसारखीच उलटं पायडल मारलं की ब्रेक लागणारी. वारा मात्र जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच. तो कसा, ते मला भूगोल शिकूनही कळलेलं नाही.

भूगोल शिकायला आले आणि रोज रस्ता चुकते. सगळे कालवे सारखे, सगळे पूल सारखे. पण आता एक वाटाड्या मिळालाय. विद्यापीठाच्या फलकावर चिठ्ठी होती : ‘आठवड्यातून दोनदा सायकल चालवायला डोळस माणूस हवा. गप्पा मारता आल्या तर बरं.’ मी गेले. हार्म ओस्टिंग नावाचे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ आहेत. चाळीस वर्षं पुलावर नोकरी केली, बोट आली की पूल उचलायचा. आता दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही. त्यांच्याकडे जोडसायकल आहे, दोन सीटची. मी पुढे, ते मागे. मला दिसतं पण रस्ता माहीत नाही, त्यांना रस्ता पाठ आहे पण दिसत नाही. पावाच्या भट्टीचा वास आला की ओरडतात, “डावीकडे!” घंटी त्यांच्या हाताशी, वळताना हातही तेच दाखवतात. मंगळवार आणि शुक्रवार असे आम्ही दोघांनाही परक्या अशा मोडक्या जर्मनमध्ये भांडत गावभर फिरतो.

मेरिके, हे बाबांना नीट, सावकाश वाचून दाखव. नजर जाऊन तीन वर्षं झाली, ते फाटकाबाहेर पडत नाहीत. कोण जाणे, हे ऐकून काही वाटेल.

तुझी
एनेली

*

केयना, हियूमा बेट, १७ ऑक्टोबर

एनेली,

भूगोलाची पंडित रस्ता चुकते आणि आंधळा म्हातारा तिला वाट दाखवतो, हे वाचून मी शाळेच्या स्वयंपाकघरात एवढ्यांदा हसले की वाटाण्याच्या सूपमध्ये डाव पडला. मग हसू गेलं आणि दुपारभर पोटात दुखत राहिलं. लपवून काय करायचंय? तू पुलांवरून हिंडतेस आणि मी दीडशे पोरांचे बटाटे सोलते. तुझ्या केसांत वारा, माझ्या केसांत तळलेल्या कांद्याचा वास.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. “बरं,” म्हणाले. तुला कळवायला सांगितलंय ते असं : ‘बटाटे सोळा पोती झाले. तब्येत ठीक. वारा पश्चिमेचा.’ मी म्हटलं, अजून काही? तर म्हणाले, पश्चिमेचा म्हणजे उद्या पाऊस, हेही लिही.

मी आजही त्यांना म्हटलं, चला, हात धरते, दुकानापर्यंत जाऊ. नेहमीचं उत्तर. एकोणतीस वर्षं बस चालवली, आता सगळ्या बेटासमोर पोरीच्या हाताला धरून चालू काय? मग मी दाढी करून दिली आणि ते खुर्चीत बसले. शनिवारी साउनाला, वाफेच्या अंघोळीला, शेजारचा आर्वो येऊन नेतो, तेवढंच बाहेर पडणं.

आपलं ठरलंय ते विसरू नकोस. दहा जूनला तू परत. ऑगस्टअखेर मी टार्टूला, नर्सिंगच्या शाळेत. दोनदा जागा सोडली मी, एकदा आईच्या आजारपणात आणि एकदा बाबांच्या डोळ्यांपायी. तिसऱ्यांदा मला कोणी विचारणार नाही.

मेरिके

*

ग्रोनिंगेन, १४ नोव्हेंबर

प्रिय मेरिके,

सोळा पोती! मी चार पानं लिहिली आणि बाबांनी मला बटाटे मोजून दाखवले. जोडसायकलीबद्दल एक अक्षर नाही? तुम्ही दोघं दिवसभर बोलत असणार, त्यातलं थोडं मला पाठवलं तर काय बिघडेल? त्यांचा आवाज, त्यांची चिडचिड, सगळं तुझ्या वाट्याला. माझ्या वाट्याला वारा पश्चिमेचा. तुला खोटं वाटेल, पण मला तुझा हेवा वाटतो.

परवा ओस्टिंगांचा वाढदिवस होता. इथे वाढदिवसाला सगळे खुर्च्यांचं गोल रिंगण करून बसतात, हातात कॉफी, बशीत केकचा एकच तुकडा. आणि गंमत म्हणजे अभिनंदन सगळ्यांचं करतात. मुलाला म्हणायचं, वडिलांबद्दल अभिनंदन. शेजाऱ्याला म्हणायचं, शेजाऱ्याबद्दल अभिनंदन. माझ्याजवळ आले तेव्हा जरा अडखळले. मग त्यांच्या बहिणीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “तुमच्या हार्मबद्दल अभिनंदन.” पुढचे सगळे तसंच म्हणत गेले. मला रडू आलं ग.

सोबत गल्लीच्या साप्ताहिकातलं कात्रण आहे. फोटोत पुढे मी, मागे ते. मजकुरात मला ‘सोन्यासारखी मुलगी’ म्हटलंय. बाबांना सांग.

एनेली

*

केयना, २७ डिसेंबर

एनेली,

‘तुमच्या हार्मबद्दल अभिनंदन.’ वा!

माझं अभिनंदन अजून कोणी केलेलं नाही. तीन वर्षांत तीन वाढदिवस झाले बाबांचे. केक मी केला, गालाला लागलेला मी पुसला, आणि आलेल्या बायका म्हणाल्या, “एनेलीचं पत्र आलं का हो?” मी रोज पहाटे त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते, मोजे सरळ करून देते, शर्टाची बटणं चुकली तर पुन्हा लावते. माझा फोटो कोण छापणार? परक्याच्या म्हाताऱ्याला आठवड्यातून दोन तास फिरवलं की सोन्यासारखी मुलगी. आपल्या म्हाताऱ्याला चोवीस तास सांभाळलं की काहीच नाही, ते तर करायलाच हवं!

हो, मी जळते. कात्रण पाहून तर नाकाला मिरच्या झोंबल्या. केस छान कापलेस.

नाताळच्या संध्याकाळी आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला एकटीच गेले. सगळं गाव जोडीजोडीने, कुटुंबाकुटुंबाने आलं होतं, बर्फात दिवे लुकलुकत होते. बाबांना हात जोडून म्हटलं होतं, अंधारच आहे, कोणाला दिसणार नाही. “मला दिसत नाही म्हणून लोकांनाही दिसत नाही होय?” म्हणाले. आईच्या कबरीवर ते तीन वर्षं गेलेले नाहीत.

बाबांचा निरोप : तब्येत ठीक. बर्फ गुडघाभर.

मेरिके

*

ग्रोनिंगेन, १६ जानेवारी २०००

प्रिय मेरिके,

तुझं पत्र वाचून दोन दिवस सायकलीला हात लावला नाही. तू म्हणतेस ते खरं आहे, म्हणूनच लागलं. तरी आता जे लिहितेय ते वाचून तू मला फाडून खाशील.

मला आणखी एक वर्ष इथे राहता येईल. प्राध्यापक बाईंनी स्वतः विचारलं, फी माफ. आणि ओस्टिंगांना माझी सवय झालीय. परवा पुलावर थांबलो होतो, पूल उचललेला, तीसचाळीस सायकली खोळंबलेल्या. नवा पूलवाला पूल हळू खाली आणत होता, त्यावर ओस्टिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याला शिव्या देत होते. कोणीतरी मला म्हणालं, बाई, तुमच्या मागच्या प्रवाशाला आवरा. तर ओस्टिंग गरजले, “प्रवासी कोण? गाडी मी चालवतोय! ही पोरगी म्हणजे माझ्या गाडीची समोरची काच आहे!” सगळा पूल हसला. मी इथे कोणाला तरी हवी आहे असं वाटतं, मेरिके. घरी कोणी मला तसं म्हणालेलं आठवत नाही.

एकच वर्ष. तुझी जागा पुढच्या वर्षीही मिळेल ना? बाबांना विचार. पण खरंच विचार.

एनेली

*

केयना, २० फेब्रुवारी

एनेली,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. पण तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी केर्डलाच्या हॉस्पिटलात होते. अपेंडिक्स कापलं. आठ दिवस बाबांचं खाणंपिणं आर्वोची बायको बघत होती, आणि पत्र घेऊन आली टपालवाली हेल्वे. बाबा म्हणाले, वाच. तिने वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाबा म्हणाले, कोण ओस्टिंग? कसली जोडसायकल?

कळलं ना आता? मी त्यांना काही वाचून दाखवलेलंच नव्हतं. तुझ्या पहिल्या चार पानांतून मी वाचलं ते इतकंच : सायकल घेतली, वारा फार आहे, अभ्यास चालू. ओस्टिंगचं नावही काढलं नाही. वाढदिवस नाही, कात्रण नाही. तुझ्या जागी मीच वाक्यं जुळवली आणि वाचल्यासारखी म्हटली. ते बिचारे ऐकत राहिले.

कारण ऐक. मला भीती होती, की मी तीन वर्षं विनवून जे झालं नाही, ते तुझ्या एका ओळीने होईल. आणि नेमकं तसंच झालं.

बाबांनी हेल्वेला खणातली सगळी पत्रं काढायला लावली. ती म्हणते, दोनदा ऐकली. मग म्हणाले, “म्हणजे मागे बसतो तो ड्रायव्हर. आणि पुढचा माणूस ही नुसती काच.” हेल्वे म्हणाली, असं दिसतं खरं. “तो चीजखाऊ पूलवाला माझ्या पोरीला घेऊन गावभर गाडी चालवतो, आणि मी एवढ्या वर्षांचा बसवाला खुर्चीत बसलोय!” एनेली, ते जळत होते! आपलाच बाप, मत्सराने लाल झालेला. कोट मागितला, आणि हेल्वेच्या हाताला धरून, ज्या हाताने माझा हात तीन वर्षं झटकला त्याच हाताने, आर्वोच्या शेडमध्ये गेले. माझी आणि आईची सायकल जोडून एक करायला सांगून आले.

हेल्वे हे सांगायला हॉस्पिटलात आली, टाळ्या पिटत. मी टाके दुखतात असं सांगून रडले.

घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, “अजून काय काय वाचायचं राहिलंय?” मी म्हटलं, काही नाही. “बरं,” म्हणाले. ओरडले असते तर सोसलं असतं.

तुझ्या वर्षाबद्दल त्यांचं म्हणणं : एनेलीचं तिने बघावं, मेरिके ऑगस्टमध्ये जाणार, मी एकटा राहीन. एकटे ते राहू शकत नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी तुला ये म्हणणार नाही. तो हक्क मी आता घालवलाय.

मेरिके

*

ग्रोनिंगेन, १२ मार्च

मेरिके,

आधी रागावून घेते. तू माझी पत्रं कापलीस. मी इथे रात्ररात्र विचार करत होते की मी काय लिहिलं म्हणून बाबांना काहीच वाटलं नाही. पाच महिने! मला वाटलं त्यांना माझी किंमत नाही. आणि तुझं ते ‘बरं’ खरं होतं की तेही तूच जुळवलेलं? बटाटे तरी खरे होते का?

आता माझं ऐक. माझंही एक वाचायचं राहिलंय.

मागच्या मंगळवारी ओस्टिंग आत कोट शोधत होते आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होते. भिंतीवर त्यांच्या बहिणीच्या अक्षरातला तक्ता. या लोकांना तक्त्याशिवाय शिंकही येत नाही. सोमवार, जोआना. मंगळवार, एनेली. बुधवार, पेट्र. गुरुवार, पुन्हा जोआना. शुक्रवार, एनेली. मी जोआनाला गाठलं. पोर्तुगालची आहे, मोठ्या डोळ्यांची. तिला विचारलं, तुला काय म्हणतात ते? ती लाजून म्हणाली, “म्हणतात, मी त्यांच्या गाडीची समोरची काच आहे.”

हसू नकोस. मला त्या पोरीला कालव्यात ढकलावंसं वाटलं. शुक्रवारी मी मुद्दाम विचारलं, जोआना चांगली चालवते का? ओस्टिंग म्हणाले, “वळणावर तुझ्यापेक्षा बरी.” सबंध रस्ताभर मी बोलले नाही. ते मागून घंटी वाजवत राहिले.

त्यात त्यांची चूक काही नाही. त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं की मी एकटीच आहे. मीच तसं धरून चालले होते. पण मी इथे राहायला निघाले होते ती कोणाला तरी माझ्यावाचून अडतंय म्हणून, आणि त्यांचं माझ्यावाचून फार तर मंगळवार आणि शुक्रवारी अडेल.

प्राध्यापक बाईंना नकार कळवलाय. दहा जूनच्या बोटीने येते. टार्टूला होकार कळव, आजच. आणि माझं पत्र या वेळी बाबांना सगळं वाचून दाखव. ओस्टिंगवाल्याचं तर दोनदा.

एनेली

*

केयना, १ मे

एनेली,

टार्टूला कळवलं. जागा दिली.

तुझं पत्र सगळं वाचलं. तक्त्याचा भाग ऐकून बाबा इतके खूश झाले की त्यांनी हेरिंग मासा दोनदा घेतला. “तीन तीन काचा लागतात त्याला! गाडी चालवता येत नसणार,” म्हणाले.

बर्फ वितळलं आणि काल आम्ही निघालो. आर्वोने तीन महिने लावले, पण सायकल झकास झालीय, पुढे माझी निळी आणि मागे आईची हिरवी. मी पुढे बसले, बाबा मागे. फाटकापासून शंभर मीटरवर आम्ही खंदकात. मला वाटलं संपलं. तर खंदकातूनच विचारतात, “काच फुटली का?” पुन्हा बसलो.

मग त्यांना रस्ता सापडला. एनेली, ते प्रत्येक बसथांब्याचं नाव पुकारत होते! डेअरी! शाळा! जुनी गिरणी! कुठे खड्डा, कुठे वळण, सगळं पायांना पाठ. लोक दारांत येऊन बघत होते आणि बाबा घंटी वाजवून सगळ्यांना सलाम ठोकत होते. लाज कुठे गेली कोण जाणे. चर्चजवळ आल्यावर म्हणाले, “दफनभूमी. गाडी इथे थांबेल.” उतरले, माझा हात स्वतः धरला. आईच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसले. मी जरा लांब उभी राहिले. त्या वेळी मनात कोणाबद्दल काही नव्हतं, खरंच सांगते.

घरी येऊन बूट काढताना म्हणाले, “एनेलीचं डोकं चालतं हो.”

पायडल मी मारलं. खरचटलं मला. डोकं एनेलीचं चाललं. तू ये लवकर, तुला दोन थोबाडीत मारायच्या आहेत आणि मग मिठी मारायची आहे.

मेरिके

*

केयना, २४ सप्टेंबर

प्रिय मेरिके,

टार्टूत तुझी खोली कशी आहे? हाडांची नावं पाठ झाली का? इथलं म्हणशील तर मला रोज परीक्षा आहे आणि रोज मी नापास होते.

मी ग्रोनिंगेनमध्ये नऊ महिने जोडसायकल चालवून आले, कोणाला वाटेल मला येतं. पहिल्याच दिवशी गिरणीच्या वळणावर बाबा ओरडले, “वासरासारखी काय वळतेस? मेरिके इथे आधी जरा थांबते!” मग रोजच तेच. मेरिके चढाला बोलत नाही, दम वाचवते. मेरिके ब्रेक लावते ते मला कळतसुद्धा नाही. मेरिकेला समोरचा वारा आधी कळतो. मी म्हटलं, बाबा, ओस्टिंग म्हणायचे मी चांगली चालवते. तर म्हणाले, “त्याला काय कळतंय?”

काल डेअरीपाशी बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, धाकटी घेऊन फिरतेय वाटतं? बाबा म्हणाले, “तात्पुरती आहे. माझी काच टार्टूला आहे.”

सगळ्यांसमोर, मेरिके. मी हसले, पण घरी येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे विचारायला नको कोणी. दाढी करताना गाल कापला त्यांचा, तेव्हाही तुझंच नाव. त्यांच्यासाठी मी सगळं सोडून आले आणि त्यांना तू हवीस. तू इथे असताना त्यांना मी हवी होते. हे आधी मला का नाही सांगितलंस, हे इतकं दुखतं म्हणून?

एनेली

*

टार्टू, ८ ऑक्टोबर

प्रिय एनेली,

तुझं पत्र शरीरशास्त्राच्या तासाला बाकाखाली वाचलं. मग जिन्यात वाचलं. मग रात्री खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं, ते तात्पुरतीचं वाक्य दोनदा.

तुझं सांत्वन करायला हवं. मोठी बहीण आहे, आता नर्सही होणार आहे, मला ते यायला पाहिजे. तासभर कागदासमोर बसले, काही सुचेना. मला इतका आनंद झालाय की दुसरं काही लिहवत नाही. बत्तीस हाडं चुकले आज, तरी हसत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुला बरं आहे ना?

लाज वाटायला हवी. उद्या वाटेल.

दाढी करताना कानापासून खाली ये, वर जाऊ नकोस, आणि तेव्हा त्यांच्याशी बोलू नकोस, ते उत्तर द्यायला मान हलवतात. गिरणीच्या वळणावर तुझं काही चुकत नाही. ते तिथे घाबरतात. मी थांबायची ते त्यांच्यासाठी, पण हे त्यांना सांगायचं नाही.

नाताळात येतेय, चार दिवस. बर्फ असो नसो, पुढे मी बसणार. आत्ताच सांगून ठेवते, तेव्हा भांडायचं नाही. तू घरी बस आणि बटाटे सोल.

मेरिके